शब्दावरची रेघ

देवमन तायड्याचं अक्षर पाहायला अकोल्याच्या कचेरीत लोक मुद्दाम येत, असं आजच्या पोरांना सांगितलं तर ती हसतील. हसोत बापडी. ज्यांनी ते पाहिलं त्यांना विचारा. देवमन तिथं नकलनवीस होता. म्हणजे खरेदीखत असो की कोर्टाचा निकाल, मूळ कागद समोर ठेवून त्याची हातानं नक्कल काढायची, हे त्याचं काम. त्याची नक्कल हातात आली की वकील आधी ती लांब धरून नुसती पाहत आणि मग वाचायला घेत. पक्षकारांत निम्म्यांना वाचता येत नसे, पण तेही म्हणत, हरलो ते हरलो, कागद तरी झकास भेटला! मोत्यासारखं अक्षर म्हणतात, तसं ते नव्हतं बरं का. मोती बारीक असतात. देवमनचं अक्षर मोठं होतं, सुटं सुटं, आणि त्यावरची रेघ अशी, की पट्टी ठेवून मारली असावी.

त्या रेघेमागं कारण होतं.

देवमन शाळेत गेला तो बोरगावकडच्या एका खेड्यात. त्या काळी त्याच्यासारख्या पोरांची जागा वर्गात नव्हती, उंबरठ्याबाहेर होती. मास्तर शिव्या देत नसत, मारत नसत, पण याच्या पाटीला हात लावायचे नाहीत. पोरानं बाहेर बसून लिहायचं, मग उभं राहून पाटी छातीशी धरायची, आणि मास्तरांनी खुर्चीवरूनच, अख्खा वर्ग ओलांडून, ती वाचायची. एवढ्या लांबून बारीक अक्षर दिसणार कसं? म्हणून देवमनचं अक्षर मोठं झालं. आणि एक शब्द दुसऱ्यात घुसू नये म्हणून मास्तर आतून सांगत, "रेघ ओढ रे, रेघ. रेघेबिगर शब्द उमजत नाई मले." मग देवमन शब्दाची अक्षरं काढून झाली की हात उचलायचा, श्वास धरायचा आणि डावीकडून उजवीकडं एका दमात रेघ ओढायचा. बाकीच्या पोरांच्या पाठीवर मास्तरांचा हात फिरला, याच्या वाट्याला ती रेघ आली. त्याचा त्याला राग होता. पण रेघ त्यानं जपली, कारण त्या शाळेतून घरी नेण्यासारखं दुसरं काही मिळालं नव्हतं.

इंदूनं त्याच्याशी लग्न केलं ते या रेघेवर, असंच म्हणायला पाहिजे. नागपूरला जाऊन सारी मंडळी धम्म घेऊन आली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. देवमनचे वडील मोतीराम तेव्हा हयात नव्हते, म्हणून मागणीचं पत्र त्यानं स्वतःच मुलीच्या वडिलांना लिहिलं. त्या घरात वाचता येणारी एकटी इंदू. तिनंच ते वडिलांना वाचून दाखवलं आणि मग कितीतरी वेळ हातातच धरून बसली. वडिलांनी विचारलं, पोरगा कसा वाटून राहिला? ती म्हणाली, पाहिला नाही, पण सरळ असावा.

सरळ तर तो होताच. बुद्धवंदना होऊन लग्न झालं, आणि नव्या नवरीच्या हातची हळद उतरते न उतरते तोच इंदूला अमरावतीच्या एका सरकारी इस्पितळात नर्सची नोकरी लागली. शिक्षण तिचं आधीच झालेलं होतं. आता सोडायचं काय? देवमनची अकोल्याची कचेरी की इंदूचं इस्पितळ? दोन्ही घरांतल्या या पहिल्याच सरकारी नोकऱ्या, त्यातली एक टाकून दे म्हणायची कोणाची छाती होती? मग ती तिकडं आणि हा इकडं, असा संसार सुरू झाला. याला संसार म्हणायचं तर म्हणा.

इंदू राहायची नर्सांच्या वसतिगृहात. तिथल्या मेट्रनबाई मोठ्या कडक. फाटकातून आत आलं की कडुनिंबाखाली एक बाक होता, आणि पुरुष माणसानं त्या बाकाच्या पुढं पाऊल टाकायचं नाही असा नियम. मग तो भाऊ असो, बाप असो की लग्नाचा नवरा. इंदूची सुटी असली त्या रविवारी देवमन अकोल्याहून पॅसेंजर पकडायचा, बडनेऱ्याला उतरून अमरावतीची गाडी धरायचा आणि त्या बाकावर येऊन बसायचा. सोबत आईनं, जाईबाईनं, दिलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा. डबा मधे ठेवून दोघं असे बसत, की जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटावं, यांचं लगीन अजून जमायचं आहे. बोलायचं खूप असे, पण समोरून बाया ये-जा करत, खिडकीतून मेट्रनबाई बघत. संध्याकाळ झाली की हा उठायचा. बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना त्याला इतकं एकटं वाटे, की वाटायचं, यापेक्षा आलोच नसतो तर बरं झालं असतं. आणि पुढचा रविवार कधी येतो याची मोजदाद तिथंच सुरू व्हायची.

मधल्या दिवसांत पत्रं. जे बाकावर बोलता येत नसे ते देवमन पत्रात लिहायचा, मोठ्या सुट्या अक्षरात. इंदू ड्यूटीवर जायच्या आधी ते वाचायची. वसतिगृहातल्या बाया मजकूर नाही पाहत, अक्षर पाहत. आणि म्हणत, इंदूबाई, नवरा लिहितो का चित्र काढतो?

मग महाराष्ट्र झाला आणि सरकारी कारभार मराठीत चालणार असं ठरलं. मराठी आली, छानच झालं. पण ती आली मशीनवर बसून. कचेरीत एके दिवशी काळंभोर मराठी टायपराइटर उतरलं. पंजाबराव शिपायानं त्याला पुसून टेबलावर ठेवलं, आणि सगळ्यांच्या आधी देवमननं ओळखलं, की हे आपल्याच कामावर आलं आहे. साहेबांनी त्याला बोलावून साफ सांगितलं, की हातानं नकला काढायचं काम आता उठणार. मात्र साहेब मनाचे चांगले होते. त्यांना देवमनची अडचण ठाऊक होती. म्हणाले, तायडे, अमरावतीच्या कचेरीत मराठी टायपिस्टची जागा निघाली आहे. तुम्ही सरकारी परीक्षा पास व्हा, तुमचा हुकूम मी काढून देतो. पण फार थांबता येणार नाही. एकदा नापास झालात तर दुसऱ्यांदा बसा, त्यापुढं ती जागा दुसऱ्याची.

देवमनला आकाश ठेंगणं झालं. अमरावती! एक खोली, दोन माणसं, आणि संध्याकाळी उठून जायची घाई नाही. जन्मभर अक्षरं काढली, आता तीच ठोकायची, त्यात काय एवढं? दुसऱ्याच दिवशी त्यानं जठारपेठेत ओमप्रकाशजींच्या टायपिंगच्या वर्गात नाव घातलं.

ओमप्रकाशजींचे आजोबा मारवाडातून अकोल्याला आले होते. त्यांची मराठी अर्धी हिंदी होती आणि हिंदी अर्धी वऱ्हाडी. दुकानाच्या वरच्या मजल्यावर मशीनची रांग, आणि प्रत्येक मशीनच्या कळांवर लाकडी झाकण, शिकणाऱ्यानं खाली पाहू नये म्हणून. डोळे कागदावर आणि बोटं झाकणाखाली. नुकतीच मॅट्रिक झालेली पोरं तिथं पहाटे येऊन खडखडाट करत. त्यांच्यात तिशी ओलांडलेला देवमन एकटाच.

कर, सर, रस, कस. सुरुवात या शब्दांनी व्हायची. आणि घोडं पेंड खायला लागलं ते इथंच. देवमननं "कर" ठोकला, की त्याचा उजवा हात आपोआप मशीनवरून उठायचा आणि हवेत डावीकडून उजवीकडं जायचा. खाली आला की बोटं भलत्याच कळांवर पडत. "सर" ठोकला की पुन्हा तेच. शेजारची पोरं तोंड दाबून हसायला लागली. देवमनला तर आपला हात उठतो हेच ठाऊक नव्हतं.

"देवमनभाऊ, माश्या हाकलून राहिले का?" ओमप्रकाशजींनी विचारलं.

मग ते मागं उभे राहून पाहत राहिले. आधी त्यांनाही कळेना. पण त्या हाताची चाल त्यांनी ओळखली, आणि ते हसायचे थांबले. त्यांनी देवमनला मशीनमधला कागद काढून दाखवला. हे बघा, म्हणाले, मशीनचं अक्षर रेघ घेऊनच जन्माला येतं. र ठोकला की रेघेसकट र. मग तुम्ही वरून कशाला ओढता? देवमनला ते कळत होतं हो! डोक्याला कळत होतं. पण हाताला ते उंबरठ्यावर शिकवलेलं होतं, आणि तो हात आता कोणाचं ऐकत नव्हता.

परीक्षा अमरावतीला झाली. शब्दागणिक हात उठला, वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा उतारा निम्म्यावरच होता. निकालाची वाट पाहायची गरजच नव्हती. देवमन तिथून तसाच कडुनिंबाखालच्या बाकावर गेला. इंदू आली, तिनं त्याचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता डबा उघडला. जेवता जेवता तो बोलायला लागला. मले नाही जमत, म्हणाला. मशीनच्या अक्षराला तोंड ना डोळे. तायड्यानं ठोकलं काय न् देशमुखानं ठोकलं काय, सारखंच. माझ्या हाताचं वळण हेच काय ते माझ्याजवळ आहे, ज्याला कोणी बोट लावू शकलं नाही, तेच कसं टाकू? साहेबांना सांगून अकोल्यातच डाकेच्या नोंदी लिहायच्या कामावर जातो, तिथं निदान लिहायला मिळेल.

इंदूनं सारं ऐकून घेतलं. मग डब्याला झाकण लावलं.

"तुमचं अक्षर मले लय आवडते," ती म्हणाली. "बाया पाहतात त मले गर्व वाटते. पण मी का अक्षरासंगं नांदू?"

ती रडली असती तर देवमनला समजूत तरी घालता आली असती. ती रडली नाही, उठून ड्यूटीवर निघून गेली. बडनेऱ्याच्या फलाटावर त्या दिवशी तो बाकावर बसलाच नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहिला. आपण बायकोला काय देत होतो, तर कागद. आणि तीही माऊली इतके दिवस कागदावर राहिली.

घरी जाईबाईला त्यानं सगळं सांगितलं. ती जिनाच्या कारखान्यात कापूस निवडून निवडून म्हातारी झालेली बाई, तिला टायपिंगचं काय कळणार असं कोणी म्हणेल. पण हात म्हणजे काय, हे तिला कळत होतं.

"जित्याची खोड मेल्याबिगर जात नाई म्हंतात," ती म्हणाली. "पण हातावर वजन असन त तो उठन कसा?"

आणि तिनं पेटीच्या तळातून एक कडं काढलं. गिलटाचं, जाडजूड, बैलाच्या गळ्यात घालावं असं. तिच्या तरुणपणी त्यांच्या वस्तीतल्या बाया असली कडी दोन्ही हातांत घालत, आणि त्यावरूनच रस्त्यानं चाललेली बाई कुठल्या जातीची, हे लोक दुरून ओळखत. पुढं सभांमधून सांगितलं गेलं की ही कडी उतरवा, ही आपली ओळख नव्हे. तेव्हा जाईबाईनं ती उतरवली. एक विहिरीत टाकलं. दुसरं का ठेवलं ते तिलाही सांगता येत नव्हतं. गिलटाला बाजारात कोण विचारतं? ते कडं तिनं मुलाच्या उजव्या मनगटात चढवलं, आणि त्याचा टाक आणि बोरू मागून घेतला. शाईची दौतसुद्धा. ते सगळं तिनं कड्याच्या जागी, पेटीच्या तळाशी ठेवून दिलं. ओमप्रकाशजींचंही तेच म्हणणं पडलं, की परीक्षा होईपर्यंत लेखणीला शिवू नका. संध्याकाळी हात रेघ ओढेल तर सकाळी पुन्हा उडेल.

दुसऱ्या दिवशी वर्गात हशा पिकला. तायडेभाऊनं बांगड्या भरल्या! पोरं कशाला सोडतात? देवमन म्हणाला, हो, भरल्या. आणि झाकणाखाली बोटं घालून कामाला लागला. हात उठायला जायचा, कडं मनगटाच्या हाडावर आपटायचं, आणि हात खाली यायचा. मनगट सुजलं, काळंनिळं झालं. जाईबाई रोज तेल-हळद लावायची आणि कडं पुन्हा चढवायची.

खरा त्रास मनगटाचा नव्हता. पत्रं बंद झाली, तो होता. लेखणी पेटीत गेलेली, आणि वर्गात भरल्या पोरांत बसून बायकोला पत्र ठोकायचं कसं? रविवारी जाणंही थांबलं, कारण ओमप्रकाशजी रविवारी मशीन मोकळी देत. इंदूला त्यानं हे सगळं, कड्यासकट, एका सोयऱ्याजवळ तोंडी कळवलं होतं, आणि तिनं उलट निरोप धाडला होता की बरोबर आहे, तसंच करा. पण बरोबर असलं म्हणून सोसतं असं थोडंच आहे? रोज घरी आलं की देवमनचा हात टाक शोधायचा. आज कचेरीत काय झालं, आई काय बोलली, गल्लीत कोणाच्या म्हशीला रेडकू झालं, हे सगळं इंदूला सांगायचं साचत चाललं होतं, आणि सांगायला जागा नव्हती.

शेवटी त्यानं एक केलं. सरावाचे कागद पाकिटात घालून तिला पाठवायला लागला.

पहिलं पाकीट पोचलं तेव्हा गंमतच झाली. वर पत्ता टाइप केलेला. मेट्रनबाईंना वाटलं, सरकारी हुकूम आला, इंदूची बदली झाली. त्यांनी तिला आपल्यासमोर पाकीट फोडायला लावलं. आत पानभर "कर सर रस कस, कर सर रस कस". मेट्रनबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. इंदू हसू आवरत बाहेर आली, बाकावर बसली, आणि मग तो कागद तिनं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. एकेक शब्द. जणू त्यात काही लिहिलेलं होतं. जिथं हात उठला असेल तिथं चुकलेलं अक्षर होतं, आणि तिथं ती थांबायची. तिला तो कड्याचा हात डोळ्यांसमोर दिसायचा आणि शेवटी तिला त्याची इतकी आठवण आली, की ती तशीच उठून आत गेली.

अशी पाकिटं येत गेली. चुकलेली अक्षरं कमी होत गेली. शब्द लांब झाले, मग वाक्यं आली, अर्ज आले, परिपत्रकं आली. एकदा मात्र एका परिपत्रकाच्या खाली, पान संपता संपता, एक ओळ अशी आली: "इंदू इंदू इंदू इंदू इंदू". वर्गातल्या पोरानं विचारलं तेव्हा देवमननं त्याला सांगितलं होतं, की इ आणि द यांचा सराव करतो आहे. त्या ओळीत एकही चूक नव्हती.

दुसरी परीक्षा आली. तीही अमरावतीलाच, एका शाळेच्या मोठ्या वर्गात. देवमन कडं घालूनच बसला. पर्यवेक्षक फेरी मारत आले आणि थबकले. हे काय आहे? देवमन उभा राहिला, पण सांगणार काय? ते म्हणाले, काढून ठेवा, मशीनवर आवाज होईल, बाकीच्यांना त्रास. देवमननं कडं काढलं आणि टेबलाच्या कडेला ठेवलं. हात एकदम हलका झाला. इतका हलका, की त्यानं तो डाव्या हातानं दाबून धरला. आता हा उडणार. साऱ्या मेहनतीवर पाणी. ही जागा गेली, मग पुढं आयुष्यभर तो बाक, तो डबा आणि बडनेऱ्याचा फलाट.

घंटी झाली. पहिला शब्द ठोकून झाला. देवमनला मनगटात ती ओढ जाणवली, उंबरठ्यावरच्या त्या पोराची, पाटी छातीशी धरून मास्तरांकडं पाहणाऱ्या पोराची. त्याला त्या पोराची दया आली. तो मनातल्या मनात म्हणाला, राहू दे बाबू, रेघ आहे त्यावर. आणि इंदूचा तो प्रश्न आठवला. हात जागचा हलला नाही. दुसरा शब्द झाला, तिसरा झाला, ओळ संपल्याची घंटी वाजली, आणि त्यानंतर त्यानं हाताकडं लक्षच दिलं नाही.

शाळेच्या फाटकाबाहेर इंदू उभी होती, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. तो इतकंच म्हणाला, की हात उठला नाही. तिनं भर रस्त्यात त्याचं मनगट हातात घेतलं आणि कड्यानं पडलेला काळा वळ अंगठ्यानं पुसून पाहिला. तो काही पुसला जाण्यातला नव्हता.

निकाल लागला, साहेबांनी शब्द पाळला. राजापेठेत एक खोली मिळाली. पुढं अंगण, अंगणाला फाटक. इंदू वसतिगृहातून ट्रंक घेऊन आली, तेव्हा मेट्रनबाई पहिल्यांदाच बाकाच्या पुढं, फाटकापर्यंत आल्या आणि देवमनला म्हणाल्या, घेऊन जा बाबा, फार वाट पाहिली हिनं. जाईबाई बिऱ्हाड लावून द्यायला अकोल्याहून आली होती, आपली पेटी घेऊन. चूल पेटली. तिघंजण एका ताटलीतली संत्री सोलून खात बसले, आणि कोणाला कुठं जायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इंदूनं एक लांबट पुठ्ठा आणला. दारावर पाटी लावायची होती. दोघांची नावं, शेजारी शेजारी, आणि तीही त्याच्या हातची. तिनं मनाशी हे कधीपासून ठरवून ठेवलेलं. जाईबाईनं पेटी उघडली, बोरू आणि दौत काढून दिली, आणि कडं पुन्हा तळाशी ठेवलं. देवमन मांडी घालून बसला. बोरू शाईत बुडवला. किती दिवसांनी! इंदू त्याच्या खांद्याला लागून बसली होती. त्यानं "देवमन" लिहिलं. अक्षरं तशीच आली, मोठी, सुटी. मग तो थांबला. हात उठायची वाट पाहायला लागला.

हात उठला नाही. उजव्या हाताचा अंगठा तेवढा पुठ्ठ्यावर हलकेच टेकला, दोन शब्दांत जागा सोडायची कळ दाबावी तसा.

देवमननं पुढं "तायडे" लिहिलं. पुन्हा तेच. "इंदू तायडे" लिहिलं. चारही शब्द बोडके उभे राहिले. मुद्दाम ओढली असती तर रेघ ओढताही आली असती, एवढं काही तो विसरला नव्हता. पण आपली ती, न बोलावताच येणारी रेघ गेली, हे त्याला कळलं, आणि जाईबाईसमोरच त्याचे डोळे भरून आले. लहानपणापासून त्याच्याजवळ असलेली ती एकच गोष्ट होती, आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं, मनगट सुजवून, घालवली होती. पश्चात्ताप नव्हता. दुःख होतं. दोन्हीत फरक असतो.

इंदूनं त्याच्या हातातून बोरू घेतला, शाईत बुडवला, आणि पुठ्ठ्याच्या डाव्या टोकापासून रेघ ओढायला सुरुवात केली. तिला सवय कुठली? रेघ थरथरत निघाली, "देवमन"वर जरा खाली बसली, "तायडे"वर चढली. शब्द संपला की रेघ तोडायची असते, हेही तिच्या ध्यानात राहिलं नाही. त्याच्या नावावरून निघालेली रेघ मधली मोकळी जागा ओलांडून थेट तिच्या नावाच्या टोकाला जाऊन थांबली. कचेरीत असली नक्कल कोणी आणली असती, तर देवमननं ती परत पाठवली असती.

पुठ्ठा वाळला. इंदूनं तो दारावर ठोकला आणि दारातच उभी राहिली. देवमन अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेला. त्याची ती जुनीच खोड, लिहिलेलं लांबून पाहायची. इतक्या लांबून दिसतं का, वाचता येतं का? तिथं उभा राहून तो पाहू लागला. दिसत होतं. वाकडं होतं, पण स्वच्छ वाचता येत होतं. तो आणखी थोडा वेळ तिथंच थांबला असता.

"दुरून काय पाहून राहिले?" इंदू दारातून म्हणाली. "आता घरात या."

देवमन आत गेला.